उज्वला मॅडमची बरणी

नाय ताई, काचेला हात नका लावू, बोटं उमटतात — लांबून बघा. हीच ती बरणी, तुमच्या उज्वलाची. मॅडम लेक्चरला गेल्यात, मला म्हणाल्या, निवृत्तीकाका, आई येवल्याहून येतेय, तिला तेवढं म्युझियम दाखवा. दाखवतो की. सव्वीस वर्षं या डिसेक्शन हॉलमध्ये काढलीत, मी नाय दाखवणार तर कोण.

तर हा डोळा. देहदान केलेल्या एका मास्तरांचा. बाजूचं हाड काढलंय, म्हणून आतलं दिसतं. डोळा फिरवायला सहा स्नायू — चार सरळ, दोन तिरके. त्यातला हा वरचा तिरका लय अवघड. मागून येतो, नाकाजवळ इवलीशी कडी हाय, तिच्यातून ओवला जातो, तिथून मागं वळतो आणि मग डोळ्याला चिकटतो. कडीतला भाग म्हणजे नुसता दोरा — चिमटा जरा जोरात लागला की गेला. मॅडम पहिल्या वर्षाला होत्या तेव्हा दोनदा तोडला त्यांनी, रडल्या. मीच म्हणलं, पोरी, मनगट टेकव, श्वास सोड, मग उचल. हे पुस्तकात नाय. मला कोणी शिकवलं? कोणी नाय. बघून बघून.

आता पाटी वाचा. डॉक्टर उज्वला, पुढं पदव्या. पहिल्या कपाटात, दिव्याखाली. बाहेरचे परीक्षक आले, म्हणाले, असं काम बघितलं नाही. मी तिथंच होतो, खुर्च्या लावत. मी असाच स्नायू सोडवून मांडलेला डोळा? तो तिकडं, कोपऱ्यातल्या कपाटात. पंधरा वर्षं हितं होता, याच जागेवर. बिनपाटीचा. मी काय बोललो का? नाय बोललो. मॅडमनी पेढे वाटले, मला दोन दिले, खाल्ले. पोरगी गुणाची हाय, पाया पडते माझ्या — सगळ्यांसमोर नाय, पण पडते.

काय म्हणता? हां, तो दोरा... सुटलाय तिथं. गेल्या आठवड्यात लक्षात आलं. औषधाचं पाणी जुनं झालं की होतं असं. मॅडम दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, माझाच हात कच्चा राहिला म्हणायच्या. मी म्हणलं, होतं असं.

नाय हो, तुटलाच असणार. तुम्ही पैठणी विणता, धाग्यातलं तुम्हाला कळतं, ते खरं — तुटला तर टोकाला तंतू पिंजारतात, कापला तर टोक सपाट — हो, सपाट दिसतंय खरं. पण हे काय रेशीम हाय का. आणि झाकण सील केलेलं असतं, ते सोडवायचं, परत लावायचं — साधी कात्री पोचतसुद्धा नाय, मागच्या टेबलावरची लांब, वाकडी घ्यावी लागते, तिनं एकदाच —

म्हणजे, कोणी केलं असतं तर, म्हणतोय मी.

असं नका बघू ताई. मी तिला लेकीसारखी... तुम्हाला एक सांगू का, सोमवारी ही बरणी काढणार, आणि माझा डोळा हितं येणार. मॅडमनीच विभागाच्या मोठ्या सरांकडं हट्ट धरला — काकांचं काम माझ्यापेक्षा सरस आहे, त्यांच्या नावानं लावा. पाटी कालच आली. स्वतः करून आणली तिनं. त्या खणात हाय, अजून कागदातून काढली नाय मी.

तुम्ही जा आता. मॅडम येतील, व्हरांड्यात बाकडं हाय, तिथं बसा. काय सांगायचं ते सांगा तिला. मला कुलूप लावायचंय.