होस्टेलची भिंत

दोन होस्टेलं पाहून मायलेकी चंद्रपूर-मूल एसटीत माझ्या मागच्या सीटवर बसल्या होत्या.

“माय, पहिलंच घेऊ. तिथं खोलीत पंखा हाये.”

“त्याची भिंत बुटकी हाये, दामिनी. दुसरंच घे.”

“दुसऱ्यात सुकी मासोळी नेऊ देत नाई.”

“नको खाऊ. भिंतीवर काचा हायेत, ते पाह्यलं मी.”

“मी कॉलेजात चालली का जेलात?”

“मार्कंड्याच्या जत्रेत तुही आजी माहा हात सोडत नव्हती.”

“मंग?”

“मंग काय! तुह्या बापाच्या सायकलवर बसून पळाली मी.”

“मंग काचा लावून पोरगी थांबते काय?”

“पोरगी नाई थांबत. पण तुह्या बापासारखा येडा चढला, त् त्याचा पायजमा तरी फाटते.”

माझ्या शेजारी इतका वेळ घोरणारा माणूस डोळे न उघडताच म्हणाला,

“पहिलंच घेऊन दे आपल्या पोरीले.”