चमकीचा हार

तुम्ही विचारता ना, मी हरीभाऊले काऊन एवढा मानतो? ऐका मंग. आठ माइकांचा नवा वायरलेस सेट घेतला अन् पहिलंच काम भेटलं अमडापूरच्या शाळेच्या गॅदरिंगचं. नाटकातल्या आठही पोरींच्या कॉलरले माइक लावून तपासले. आवाज एकदम साफ. मंग सेटच्या मशीनची पूजा केली, नारळ फोडला, चमकीचा मोठा हार घातला.

नाटक सुरू झालं अन् पहिल्याच वाक्याले आवाज तुटला. मी चॅनल बदलले, सेल बदलले, तरी तेच. हेडमास्तर माह्याकडंच पाहून राह्यले होते.

हरीभाऊ मागं खुर्चीवर बसले होते. आधी गावोगावी त्यांचेच वायरचे माइक लागत. ते काम मीच घेतलं होतं. तरी ते उठून आले अन् मशीनच्या दोन्ही अँटेनांवरचा हार काढून माह्या हातात देला.

"धातूची पन्नी हाय बे ही. सिग्नल अडवते."

आठही माइक चालू झाले.

नाटक संपल्यावर मी त्यांच्या पाया पडलो अन् तोच हार त्यांच्या गळ्यात घातला. ते हसले.

"काढ बे. धंदा तं बंद केलाच, आता माहा आवाजही बंद करतं का?"