क्रूर शब्द आणि तिळगुळाचा डबा

हसू नका, पण मी किती दुष्ट आहे ते मला पानिपतच्या बसमध्ये कळलं. संक्रांतीला आमचं दिल्लीच्या मयूर विहारचं मराठी मंडळ काला अंब या पानिपतच्या युद्धस्मारकाला निघालं होतं. लेकीने मला विचारलं, "आई, क्रूर म्हणजे एक्झॅक्टली काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून मंडळातली मीनल म्हणाली, "बेटा, संस्कृतात मुळात रक्ताळलेलं, कच्च्या मांसासारखं."

माझं एक वाक्य कधी पुरं न ऐकणारा नवरा वळून म्हणाला, "अच्छा! अजून सांगा ना!" पानिपतपर्यंत ऐकतच बसला.

उतरताना मी सगळ्यांना तिळगूळ वाटला. मीनलने हात पुढे केला.

"संपला गं," मी गोड आवाजात म्हणाले.

लेक ओरडली, "आई, डबा तर भरलेला आहे!"

मीनल तिला म्हणाली, "बघ बेटा, रक्त न सांडताही जमतं."