‘नाही’ कुठे चिकटवायचं?

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमचे सरपंच नरहरीशेठ, पालघरहून उन्हातून आलेले शिक्षण खात्याचे साहेब, व्यासपीठावर बसलेली सगळी मानाची माणसं, शाळेचे मास्तर, समोर सतरंजीवर बसलेल्या बायाबापड्या आणि केव्हापासून त्या पेढ्यांच्या खोक्याकडे डोळे लावून बसलेली पोरं, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या शाळेच्या पुष्पलताबाई, सगळ्यांना या लाडकीचा नमस्कार.

मला बोलायला उभं करू नका, असं मी नरहरीशेठना सांगितलं होतं. ते म्हणाले, “लाडकीमावशी, तू बाजारात बोलतेस ते इथपर्यंत ऐकू येतं, मग इथं बोलायला काय झालं?” म्हणून उभी आहे. माझी शाळा दुसरीत सुटली. हे भाषण मी सांगितलं आणि माझी नात जिवली, आता सातवीत आहे, तिनं नीट करून माझ्याकडून पाठ करून घेतलं. माझे दोन-तीन शब्द तिनं काढून टाकले. ते मी बाईंना नंतर कानात सांगेन.

याच जिवलीची गोष्ट आहे. ती पहिलीत होती तेव्हा तिला वाचता येईना. अक्षरं सगळी येत होती. पण ‘क’ म्हणायची, मग काना शोधायची, आणि शब्द संपेपर्यंत ओळ कुठली होती ते विसरायची. माझा मुलगा चिंतू, तिचा बाप, म्हणाला, “आये, हिच्याच्यानं व्हायचं नाय. परीक्षा होऊ दे, नापास झाली की कोळंबी सोलायला लाव.” कोळंबी सोलणाऱ्या पोरींची बोटं तुम्ही बघितलीत का? नसतील तर माझी बघा. मीही दुसरीतूनच उठून गेले होते.

तेव्हा बाईंनी नवी तऱ्हा काढली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका पट्टीवर एकेक शब्द लिहिला. आहे, नाही, आणि, पण, मी, तो, ती. म्हणाल्या, “हे शब्द प्रत्येक धड्यात येतात. यांची अक्षरं जोडत बसायचं नाही, बघितल्याबरोबर ओळखायचं. ओळखीचं माणूस दारात आलं तर आपण त्याचे नाकडोळे मोजतो का? घरात डोळ्यांसमोर राहतील अशा लावा.”

आता सांगा, घरात लावा म्हटल्यावर कोणी काय करील? मी पेजेची खळ केली आणि लावल्या. जिवलीला विचारत गेले, पट्टीवर काय आहे, आणि तसं तसं चिकटवत गेले. ‘आहे’ हंड्यावर, कारण त्यात पाणी होतं. ‘नाही’ घासलेटच्या डब्यावर, कारण तो रिकामा होता. ‘आणि’ कुठं लावायचं ते सुचेना, तर चुलीला लावलं. शेजारच्या बायडीनं आपल्या घरी ‘तो’ नवऱ्याच्या खाटेला लावलं होतं. हसू नको बायडी, लावलं होतंस.

आठ दिवसांत पोरगी फडाफडा ओळखायला लागली. मी खूश! आणि वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘मनी घरात नाही.’ जिवलीनं उभं राहून खणखणीत वाचलं, “मनी घरात घासलेट.” पुढची ओळ होती, ‘मनी झाडावर आहे.’ तिनं वाचलं, “मनी झाडावर हंडा.”

वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून पोरं तिला घासलेट म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाईना. चिंतू म्हणाला, “बघ, सांगितलं होतं नाय?”

मी टोपली डोक्यावर तशीच घेऊन शाळेत गेले. म्हटलं, “बाई, तुमच्या पट्ट्यांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलं.” बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, “आजी, ‘नाही’ कशाला चिकटवलंत?” म्हटलं, “घासलेटच्या डब्याला. त्यात घासलेट नाय.” बाई टेबलाला धरून हसल्या. मग म्हणाल्या, “चूक माझीच. हंड्यावर ‘हंडा’ चिकटेल. पण ‘नाही’ कुठं चिकटणार? ते तर माणसाच्या तोंडात असतं. तुमच्या घरात सगळ्यात जास्त ‘नाही’ कोण म्हणतं?”

शाळेचा शिपाई देवू दारात उभा होता. मेला सरळ माझ्याकडं बघायला लागला.

मग बाईंनी सांगितलं तसं केलं. शाळा सुटली की जिवली माझ्याबरोबर बोईसरच्या बाजारात. मी सुके बोंबील मांडायची, ती पट्ट्या घेऊन शेजारी. मी जे म्हणेन ती पट्टी तिनं उचलून दाखवायची. मी तोंडानं ‘नाय’ म्हणते, ‘हाय’ म्हणते, पट्टीवर पुस्तकातलं असतं, पण पोरीला ते कळत होतं. वसाहतीतली बाई यायची. “मावशी, कमी करा ना.” “नाय.” पट्टी वर. “ताजे आहेत का?” “हायत म्हणून तर मांडलेत.” पट्टी वर. कारखान्यातला एक भैया म्हणाला, “मौसी, ये बच्ची सिग्नल काहे दिखाती है?” पण गंमत बघायला लोक थांबायचे, आणि थांबलेलं गिऱ्हाईक मी सोडते काय? पट्ट्या रोज पिसायच्या, कधी उलट्या धरायच्या. बोंबील उलटा टांगला म्हणून कोणी त्याला पापलेट म्हणत नाही, तसं.

परीक्षा जवळ आली. मला जेवण गोड लागत नव्हतं. एका मंगळवारी गिऱ्हाईक नव्हतं. जिवली माझ्या पाठीमागं मान वर करून बघत होती. मी वर्षानुवर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून बसते, तिच्यावर एक बोर्ड आहे. मला वाटायचं साबणाची जाहिरात असेल. पोरीनं बोट लावलं आणि थांबत थांबत, मोठ्यानं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं वाचलं, “येथे... मासळी... विक... विकण्याची... पर-वान-गी...” आणि शेवटचा शब्द न अडखळता, एका दमात, “नाही!”

पट्टी नाही, डबा नाही, मी तोंडही उघडलं नव्हतं. डोक्यावरची भरली टोपली कोणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावी, तसं झालं मला. मी म्हटलं, “बाय माझी, लई झ्याक वाचलंस. आता जरा हळू वाच.”

घरी चिंतूला सांगितलं. त्यानं विचारलं, “काय वाचलं हिनं?” म्हटलं, “तुझ्या आयशीच्या धंद्याची बंदी वाचली.” तो खूप हसला. पोर पास झाली, आणि कोळंबीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मी अजून तिथंच बसते, साहेब. तुमचं खातं वेगळं आहे, म्हणून सांगते.

बाई, तुम्ही सरावलीहून सकाळची गाडी पकडून आमच्या या दांडी गावाला येत राहिलात, आता घरी बसाल. नव्या बाई येतील त्यांना पट्ट्या देऊन जा, आणि कशाला चिकटवायच्या नाहीत तेही सांगून जा. सगळ्या गावानं मला बोलायला दिलं, ऐकून घेतलं, त्याबद्दल उपकार मानते. सुकी मासळी विकणारीचं तोंड आहे, कुठं मीठ जास्त पडलं असेल तर आजच्या दिवस गोड मानून घ्या.

शेवटचं. त्या टेबलाखालच्या पिशवीत बोंबील आहेत, बाईंसाठी. बाईंनी इतक्या वर्षांत कोणाकडून काही घेतलं नाही, हात वर करून ‘नाही’ म्हणतात. आज म्हणू नका. जिवली पहिल्या रांगेत ती जुनी ‘नाही’ची पट्टी घेऊन बसली आहे, पण ती वर करायची तर माझ्या शब्दावर. आणि मी आज तो शब्द काढणार नाही.