हाडू म्हणजे गाणं

आमच्या मल्लप्पाच्या पोरीची सोयरीक एका हेडफोनपायी मोडायला आली होती. खोटं वाटत असंल तर बसवकल्याणात कुणालाबी विचारा. पाव्हणे लातूरकडचे, कन्नडचा गंध नाही. त्यांची वाट बघत मल्लप्पा नवा हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून बसलेला. मी मोबाइलवर गाणं शोधायलो, तर हा कन्नडमध्ये ओरडायलाय, "हाडू! अण्णा, हाडू!" म्हणजे, गाणं लाव.

नेमके पाव्हणे उंबऱ्यात. उचललेला पाय तसाच राहिला.

"आम्हाला हाड म्हणायलेत व्हय?"

मी मल्लप्पाला चिमटा काढला. तो आणखी जोरात, "हाडू!"

"तुम्हाला न्हाई पाव्हणं," मला घाम फुटला, "कुत्र्याला!"

"कुठाय कुत्रं?"

तेवढ्यात गाणं लागलं. मल्लप्पा खूश. "आलं, आलं! काय गळा हाय!"

पाव्हणे चपलेकडं वळले. मी हेडफोन हिसकला आणि सरळ त्यांच्याच कानाला लावला. गाणं संपेपर्यंत माणूस उंबऱ्यातच डोलत होता.

सोयरीक झाली. पण अजूनबी ते दारात थांबून आधी विचारतात, "काय व्याही, आज हाडू का या?"