एका पानात गोल्फ

गोल्फची काठी हातात न धरता मी गोल्फ शिकवलंय, खोटं नाही! मद्रासच्या बँकेत हेड ऑफिसच्या लांबलचक परिपत्रकांचा सारांश काढणं माझं काम. मॅनेजरसाहेब गोल्फ शिकायला लागले आणि त्याचं जाडजूड पुस्तकही माझ्याच टेबलावर आलं. "कुलकर्णी, एका पानात बसवा."

बसवलं. रविवारी साहेबांनी मलाही मैदानावर नेलं. साहेब माझ्या कागदावरची एक ओळ वाचत, काठी उगारत, पुन्हा वाचत. चेंडू जागचा हलेना.

काठ्या वाहणाऱ्या म्हाताऱ्या मुरुगेसनने मला विचारलं, "सार, त्यात मुख्य काय लिहिलंय?"

"नजर चेंडूवरून हलवू नका."

त्याने साहेबांच्या हातातला कागद काढून चेंडूशेजारी गवतावर ठेवला. "आता वाचा, सार."

चेंडू सरळ गेला!

सोमवारी कागद माझ्या टेबलावर परत. खाली साहेबांचा शेरा: "फार लांबलंय. एका ओळीत बसवा."