हळू बोला, जंगल आहे

...आणि वर मलाच म्हणतात, हळू बोला! अहो, मी हळूच बोलत होतो! तुम्हाला सांगतो, पहाटे साडेतीनला उठवलेला माणूस, पोटात फक्त एक कप चहा, चारी बाजूंनी उघडी जीप, खड्ड्याखड्ड्याला दातांवर दात आपटतायत, आणि अशात मी बायकोच्या कानाशी लागून एवढंच विचारलं, की डब्यात उकडलेली अंडी घेतलीस ना? एवढंच! तर समोर चरणारा चाळीस-पन्नास हरणांचा कळप असा उधळला की डोळ्याची पापणी लवेपर्यंत मैदान साफ. झाडावरची माकडं खाली वाकून बघायला लागली, कोण बोंबलतंय म्हणून.

आता आमचा आवाज असा का, तेही ऐका. मी आणि आमची ही, दोघंही ब्लँकेटच्या कारखान्यात. मी बत्तीस वर्षं, ती एकतीस. एका शेडमध्ये एकशे वीस माग, सगळे एकदम चालू, खटाखट खटाखट... माणूस दोन फुटांवर उभा राहून ओरडला तरी नुसतं तोंड हलताना दिसतं. तिथं जन्म काढला की कान जरा जड होतात आणि गळा तेवढा तयार होतो. घरी मी हिला 'मीठ दे' म्हटलं तर शेजारीण मीठ घेऊन येते. आता असल्या माणसांनी जंगलात जावंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो!

पण हिला वाघ बघायचा होता. आमच्या कारखान्याचं सगळ्यात खपणारं ब्लँकेट म्हणजे वाघाचं. लाल जमिनीवर पिवळा वाघ, जबडा वासलेला. एकतीस वर्षं ही तोच वाघ विणत होती. रोज सहा, कधी सात. नक्षी काढणाऱ्या मास्तरशी हिचं कायम वाजायचं, की मास्तर, हा असा सारखा जबडा वासून कसा हिंडेल, त्याला दमायला होत नसेल? मास्तर म्हणायचा, बाई, तुम्ही विणा. त्यानं तरी कुठं वाघ बघितला होता! कुठल्या तरी काडेपेटीवरून उचललेला. आणि निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवून हिला भेट काय दिली असेल? वाघाचं ब्लँकेट!

त्या संध्याकाळी ही ते मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "एकदा खरा दाखवा. बाकी काही नको." लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, या बाईनं माझ्याकडे साधी साडीची पिनसुद्धा मागितली नव्हती. दुसऱ्याच मिनिटाला मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, हंगाम संपत आलाय, शेवटच्या दिवसाच्या दोनच जागा उरल्यात, एका दिवसात तीन राष्ट्रीय उद्यानं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दुसऱ्या दिवशी सगळी फाटकं बंद. म्हणजे दिसला तर त्या दिवशी, नाहीतर बसा ब्लँकेट बघत.

जीप चालवायला आणि जंगल दाखवायला एकच बाई. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, बोलणं औषधाला. आम्ही तिला ताई म्हणायला लागलो. मागच्या बाकावर एक कॅमेरेवाला, त्याची ती नळी आमच्या बॉयलरच्या पाइपाएवढी, दिवसभर त्यानं तोंड म्हणून उघडलं नाही. तर हरणं पळाल्यावर ताईनं गाडी थांबवली, वाकून धुळीतला एक ठसा बघितला आणि कुजबुजली, की वाघीण आहे, आत्ताच इथून गेली, डावा पाय जरा दुखतोय तिचा. अहो, मी स्वतः डॉक्टरसमोर जाऊन पाय दुखतो सांगितलं तर तो चार चाचण्या लिहून देतो आणि ही बाई पेशंट समोर नसताना सांगते! मी तक्रार करायला बसलोय खरा, पण मानलं पाहिजे!

फक्त त्यानंतर तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "भाऊ, वाघाला कान असतात." बस. एवढंच बोलली. म्हणजे वाघीण होती, आणि माझ्या अंड्यांपायी गेली! आमच्या हिनं तर फाटकापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. भांडली असती तर चाललं असतं. ही गप्प बसली की मला जेवण जात नाही.

मग दोन तास मोठ्या रस्त्यानं धूळ खात दुसऱ्या उद्यानात. मी तोंडाला रुमाल बांधून टाकला. धुळीसाठी, असं म्हणालो, पण खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. तिथं केवढा तो तलाव, आणि काठावर पक्षी म्हणजे नुसता बाजार! एक जण एका पायावर उभा, आमच्या शेडचा वॉचमन ड्युटीवर झोपायचा तसा. पाण्यात एक ओंडका होता. मी त्याच्याकडे दहा मिनिटं बघत होतो, छान लाकूड आहे म्हणून, आणि त्या ओंडक्यानं डोळा उघडला! मगर! आता मी ओरडणार, अगदी घशापर्यंत आलं होतं, पण शेजारी ही बसलेली. गिळलं. मगर बघून गप्प बसणं सोपं नाही, बसून बघा कधी.

पण न सांगून राहवतंय का? तेव्हा माझे हात आपोआप सुरू झाले. त्याचं असं आहे, शेडमध्ये ऐकू येत नाही म्हटल्यावर आम्हा मागवाल्यांची एक बोली असते. ओठ हलवायचे आणि हातानं खुणा. धागा तुटला, बोट वाकवायचं. चहाला चल, अंगठा ओठाला. तर मी हिला हातानं विचारलं, ते बघितलंस का? आणि ही, सकाळपासून रुसलेली बाई, तिनं हातानंच उत्तर दिलं, की कधीच बघितलं, तुम्हीच उशिरा बघता! मग काय, सुटलोच आम्ही. तिकडे घार बघ, ती बघ पिल्लं, तुमची कॉलर आत घाला, अंडी खाणार का, सगळं सगळं, आणि आवाज नाही! ताई आरशातून बघत होती. तिनं गाडी थांबवली आणि म्हणाली, वीस वर्षं या जंगलात आहे, इतकं बोलणारी आणि इतकी शांत माणसं मी पाहिली नाहीत. मला वाटलं आता छाती फुटते! पण खरं सांगू, कौतुक माझं नव्हतं. हिच्या हाताकडे बघा तुम्ही कधी. काय ते बोलणं, पाखराची भरारी दाखवली तर पाखरू दिसतं. तेहेतीस वर्षं माझ्यासमोर होते हे हात, कधी नीट बघितलेच नव्हते. मानलं पाहिजे!

तिसऱ्या उद्यानात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सगळा खडकाळ भाग, वाळलेलं गवत, मधून एक ओहोळ. अंगावर एवढी धूळ की आम्ही चौघं एकाच मातीचे दिसत होतो. पाठीचा पार भुगा. एक तास गेला, दीड तास गेला. एक मुंगूस दिसलं. ताई घड्याळ बघायला लागली, सव्वासहाला फाटक बंद. आमची ही नुसती गवताकडे बघत होती, आणि मांडीवर हात असे घट्ट धरलेले. मला राहवेना. पाठीला टेकू हवा म्हणून मी आता ताईच्या शेजारी पुढे बसलो होतो, ही माझ्या मागच्या बाकावर. मी पूर्ण मागे वळून बसलो आणि ओठांनी म्हटलं, नाही दिसला तर पुढच्या वर्षी येऊ. तिनं मान हलवली. पुढचं वर्ष कुणी बघितलंय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

आणि तेवढ्यात हिनं हात वर केला आणि दोन बोटं ओठांवरून फिरवली. मिशी!

आता ऐका. आमच्या शेडमध्ये मिशीची खूण म्हणजे एकच. साहेब आले! मिशाळ साहेब आमचा, मागून यायचा, बोलत उभा दिसलास की मेमो. ही खूण झाली की वर बघायचं नाही, वळायचं तर नाहीच, मान खाली आणि हात कामात. बत्तीस वर्षांची सवय हो! मी विचार कुठला करतोय? मान खाली, आणि हाताला काहीतरी हवं म्हणून बुटाची नाडी धरली आणि तुटलेला धागा जोडावा तशी गाठ मारायला लागलो. एक गाठ. दुसरी गाठ. सगळीकडे शांत. पाखरं बंद. ताईचा श्वास बंद. कसला तरी उग्र वास आला. आणि मी, मी मनात म्हणतोय, साहेब आज फारच वेळ थांबला! पाचवी गाठ मारताना एकदम लख्ख उजेड पडला. अरे, साहेब जंगलात कशाला येईल? वळून बघितलं तर गवत हलत होतं. नुसतं गवत!

जीपपासून आठ पावलांवरून गेला म्हणे. माझ्या पाठीमागून! मी हिला खुणेनं विचारलं, अगं, मिशी कशाला? ती हातानंच म्हणाली, आपल्या बोलीत वाघाला खूणच नाही. आला की सगळे चिडीचूप होतात आणि मिशा आहेत, मग मी दुसरं काय करणार?

आणि मग ती रडायला लागली. मला वाटलं, माझ्यासाठी. तिच्याकडे वाकलो. तर माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू, मला पहिल्यांदाच कळलं की हिला हळू बोलता येतं, म्हणाली, "अहो, तो जबडा वासत नाही. पाळी संपवून घरी निघालेल्या माणसासारखा चालला होता. आपण एकतीस वर्षं त्याला उगाच रागीट विणलं." तिचा चेहरा काय झाला होता, काय सांगू तुम्हाला! वाघ नाही बघितला मी, पण तो चेहरा बघितला, आणि खरं सांगतो, माझी काही तक्रार राहिली नाही.

म्हणजे राहिली नव्हती. फाटकाबाहेर आल्यावर मीच शहाणपणा केला. म्हटलं, मी बिचारा मान खाली घालून बसलो, तुला एकदा तरी वाटलं का गं, यांना हाताला धरून वळवावं, यांनाही दिसावा?

"वाटलं होतं," म्हणाली. "पण तुमचं डोकं नेमकं मधे येत होतं. ते खाली गेलं तेव्हा कुठं मला पुरता दिसला."